वाटा फोडून मिळत नाही

(या सदरात सूत्रे मी वर्गात उच्चारते तशीच छापली आहेत. अक्षराला चिकटलेला आकडा म्हणजे खालचा बारीक आकडा, सुटा आकडा म्हणजे पुढचा मोठा. वहीत नेहमीच्या चिन्हांनी उतरवून घ्या.)

प्रश्न : टीचर, मी दहावीत आहे. पाणी तयार होण्याचे समीकरण मी असे लिहिले : एच२ + ओ२ → एच२ओ२. दोन्ही बाजूंना हायड्रोजन दोन, ऑक्सिजन दोन. तरी लाल रेघ आली, अर्धा गुणसुद्धा मिळाला नाही. मोजणी बरोबर असताना उत्तर चूक कसे?
— एक विद्यार्थिनी, डिचोली

उत्तर : तुझी मोजणी बरोबर आहे बाय, पण तू पाणी केलेच नाहीस. एच२ओ२ म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड. फार्मसीत लहान बाटलीत मिळते, जखमेवर घातले की फसफसते, ते. खालचा एक आकडा तू वाढवलास आणि पदार्थच बदलला.

३१ वर्षे मी शिकवले. ही चूक दर वर्षी भेटायची, आणि बहुतेक वेळा हुशार मुलांच्या वहीत. त्यांना मोजता येते, म्हणून जुळवायची घाई असते.

म्हापशाच्या बाजारात आईबरोबर मासळीला गेली असशील. बांगडे वाट्याने मांडलेले असतात. एका वाट्यात पाच, आणि घरी जेवायला सात माणसे. मग दोन वाटे घ्यायचे, उरतील ते उरतील. मासळीवाली दुसरा वाटा फोडून त्यातले दोनच बांगडे देत नाही. ऑक्सिजनचे तसेच समज. हवेत तो दोन अणूंच्या वाट्याने असतो. हायड्रोजन वायूचाही वाटा दोनाचा. पाण्याचा वाटा हायड्रोजन दोन, ऑक्सिजन एक, असा ठरलेला. हे वाटे लावण्याचे काम आपले नाही. कोणता वाटा किती घ्यायचा, एवढेच आपल्या हातात. अभिक्रिया होताना जुने वाटे सुटतात आणि नवे बांधले जातात हे खरे, पण बाणाच्या अलीकडे आणि पलीकडे जे लिहायचे ते अख्ख्या वाट्यांतच.

आता पुन्हा कर. ओ२ घेतला, म्हणजे ऑक्सिजन दोन आले. पाण्याच्या एका रेणूत एकच मावतो, तेव्हा पाण्याचे रेणू दोन झाले पाहिजेत. दोन रेणूंना हायड्रोजन लागतात चार, म्हणून एच२ दोन घ्यायचे. २ एच२ + ओ२ → २ एच२ओ.

माझ्या वर्गात एक नियम होता, तो तूही लावून घे. आधी समीकरण शब्दांत लिहायचे. मग संयुजा, म्हणजे कोणता अणू किती बंध बांधतो तो आकडा, बघून प्रत्येक पदार्थाचे सूत्र पेनने लिहायचे. पुढचे आकडे मात्र पेन्सिलने. खोडरबर फक्त पेन्सिलीवर चालतो. पेनने लिहिलेल्याला हात लावावासा वाटला, तर समजायचे की एकतर सूत्रच चुकले आहे, नाहीतर आपण वाटा फोडायला निघालो आहोत. समीकरणे जुळत नाहीत म्हणून रडवेली झालेली कितीतरी मुले मी पाहिली. त्यांची वही उघडली की अडचण जुळवण्यात क्वचितच असायची, सूत्र लिहितानाच गाडी चुकलेली असायची. म्हणून संयुजा पाठ हव्यात. त्याला दुसरी वाट मला सापडलेली नाही.

प्रश्न : आम्ही मराठीतून शिकलो. मुलाचे पुस्तक इंग्रजी, आणि मोबाईलवर तो हिंदीतून धडे ऐकतो. मी अणू म्हटले की तो म्हणतो, परमाणू. बरोबर कोण?
— एक पालक, पेडणे

उत्तर : दोघेही, आपापल्या भाषेत. मराठीत ॲटम म्हणजे अणू आणि मॉलिक्यूल म्हणजे रेणू. हिंदीत ॲटमला परमाणु म्हणतात आणि मॉलिक्यूलला अणु. म्हणजे अणू हा एकच शब्द दोन भाषांत दोन वेगळ्या गोष्टींसाठी आहे, आणि समीकरण जुळवताना नेमका तोच फरक कळीचा असतो. खालचा आकडा अणू मोजतो, पुढचा आकडा रेणू. मुलाला घरी शिकवा, जरूर शिकवा, पण शिकवताना ॲटम आणि मॉलिक्यूल हेच शब्द वापरा. पाचवीत एकदा माध्यम बदलण्याचा भार आपल्या मुलांनी उचललेला आहे. त्यात ही भर नको.

प्रश्न : स्वयंपाकाच्या गॅसमधला ब्यूटेन जळण्याचे समीकरण मला जुळत नाही. ऑक्सिजन साडेसहा येतो. माझे कुठे चुकते?
— इयत्ता दहावी, फोंडा

उत्तर : कुठेच नाही. तू एक पायरी अलीकडे थांबलास, इतकेच.

सी४एच१० + ओ२ → सीओ२ + एच२ओ. ऑक्सिजन इथे शेवटी घ्यायचा, कारण डावीकडे तो एकटाच उभा आहे आणि त्याच्या पुढचा आकडा बदलला तरी दुसरे काही बिघडत नाही. कार्बन चार, म्हणून सीओ२ चार. हायड्रोजन दहा, म्हणून पाणी पाच. उजवीकडे ऑक्सिजन झाले आठ आणि पाच, तेरा. दोनाच्या वाट्याने तेरा आणायचे तर साडेसहा वाटे. आता अख्ख्या समीकरणाला दोनाने गुण : २ सी४एच१० + १३ ओ२ → ८ सीओ२ + १० एच२ओ. ऑक्सिजन दोन्हीकडे २६.

हा तेराचा आकडा स्वयंपाकघरातही दिसतो. ब्यूटेनच्या दोन रेणूंना ऑक्सिजनचे १३ लागतात, इतकी हवा बर्नरला मिळाली नाही तर ज्योत पिवळी होते आणि टोपाचे बूड काळे पडते. ते काळे म्हणजे न जळलेला कार्बन. अशा वेळी कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही तयार होतो. आईला सांगून बर्नर साफ करून घे आणि खिडकी उघडी ठेव. सिलिंडरमध्ये प्रोपेनही असतो, सी३एच८. तो तुझा तू जुळव. तिथे अर्धा येत नाही.

प्रश्न : आमची काजूची भट्टी आहे. मुलीच्या वहीत साखरेची दारू होण्याचे समीकरण पाहिले : सी६एच१२ओ६ → २ सी२एच५ओएच + २ सीओ२. आमच्या पिंपात खरोखर हेच होते का?
— एक वाचक, सत्तरी

उत्तर : मुख्य काम हेच. तुमचे पत्र वाचून मला फार आनंद झाला, त्याचे कारण सांगते. अभिक्रियेच्या आधी आणि नंतर वस्तुमान तेवढेच राहते, ही गोष्ट फ्रान्सच्या लव्हाझिए या रसायनशास्त्रज्ञाने १७८९ साली आपल्या पुस्तकात मांडली, ती द्राक्षांचा रस आंबण्याच्या प्रकरणात. द्राक्षाचा रस बरोबर कार्बनिक आम्ल (म्हणजे आपला कार्बन डायऑक्साइड) अधिक अल्कोहोल, असे त्याने चक्क बरोबरीचे चिन्ह घालून लिहिले. मुलीच्या वहीतल्या समीकरणाची मुळे अशी तुमच्याच धंद्यात आहेत.

बोंडू, म्हणजे काजूचे फळ, मळून काढलेल्या रसात मुख्यतः ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असते. दोघांचे सूत्र एकच, म्हणून समीकरणही एकच. मुलीला मोजायला सांगा. हायड्रोजनपाशी ती अडखळेल, कारण अल्कोहोलच्या सूत्रात तो दोन ठिकाणी आहे, एकीकडे पाच आणि शेवटी एक. सहाची दुप्पट बारा.

वजनात बघा. १८० ग्रॅम साखर पूर्ण आंबली तर ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड. जवळजवळ निम्मी साखर वायू होऊन उडून जाते. तुमच्या पिंपावर येतो तो फेस या ८८ ग्रॅमांचा. म्हणून आंबणाऱ्या रसाचे तोंड कधी घट्ट बंद करायचे नाही. हा वायू हवेपेक्षा जड, खोलगट जागी साचून राहतो, तेव्हा बंद खोलीत पिंपे असली तर दारे उघडून, वारा खेळल्यावरच आत जा.

पुढच्या हंगामात मुलीला एक करू द्या. पानाच्या डबीतला थोडा चुना पाण्यात ढवळून रात्रभर ठेवायचा आणि वरची निवळी ग्लासात घ्यायची. रस बाटलीत अर्धाच भरून, बुचातून नळी काढून तिचे दुसरे टोक निवळीत बुडवायचे. नळीचे तोंड मोकळे आहे ना, तेवढे तुम्ही बघा. बुडबुडे येऊ लागले की निवळी दुधासारखी पांढरी होईल. सीए(ओएच)२ + सीओ२ → सीएसीओ३ + एच२ओ. कंसाबाहेरचा दोन आतल्या दोघांनाही लागतो, हे तिला आठवून द्या. मग ऑक्सिजन डावीकडे चार, उजवीकडे चार. इथे पेन्सिल लागतच नाही.