पीटची (अर्धवट कुजलेल्या झाडपाल्याच्या थराची) दलदलीची जमीन वणव्यात जळाल्यावर तिथलं जंगल पुन्हा उगवतं का?

उगवतं, पण किती वेळा जळलं आणि जमिनीतलं पाणी किती खाली गेलंय यावर सगळं ठरतं.

इंडोनेशियातल्या मध्य कालिमांतानचं उदाहरण घ्या. १९९५-९६ मध्ये सरकारने भातशेतीसाठी सुमारे १० लाख हेक्टर दलदलीत हजारो किलोमीटर कालवे खणले. भात फारसा पिकला नाहीच. कालव्यांतून पाणी वाहून गेल्याने जमीन मात्र कोरडी पडली आणि १९९७च्या एल निन्योच्या दुष्काळात पेटली. पीटचा थर कित्येक मीटर जाडीचा असतो. तो जमिनीखाली आठवडेच्या आठवडे धुमसतो. त्यात मुळं आणि बियाही जातात.

एकदाच जळलेल्या भागात काही खोडांना धुमारे फुटतात, शेजारच्या जंगलातून बिया येतात. 'तुमिह' नावाचं झाड इथे आघाडीवर असतं, कारण त्याच्या पंखवाल्या बिया वाऱ्यावर उडतात. काही वर्षांत विरळ का होईना, जंगल दिसू लागतं. मोठ्या बियांच्या झाडांना मात्र पक्षी-प्राणी परत यावे लागतात.

वारंवार जळलं की चित्र पालटतं. नेचे आणि लव्हाळे सगळं व्यापतात. हे नेचे कोरड्या हंगामात वाळून पुढच्या आगीला सरपण पुरवतात. शिवाय पीट जळून जमीन खचलेली असते, त्यामुळे पावसाळ्यात महिनोन्महिने पाणी साचून रोपं बुडून मरतात.

म्हणून माझ्या मते नुसतं वृक्षारोपण म्हणजे पैशांची नासाडी. आधी कालवे बुजवून जमीन ओली करायची, रोपं त्यानंतर.