वाचकांचे प्रश्न : समुद्राने नेलेले डनिच

प्रश्न : माझी मुलगी इंग्लंडमध्ये इप्सविचला राहते. गेल्या महिन्यात ती सफोक किनाऱ्यावरच्या डनिच नावाच्या खेड्यात जाऊन आली. तिथे तिला सांगण्यात आले की पूर्वी या जागी मोठे शहर होते, ते एका रात्रीत समुद्रात बुडाले आणि आजही ओहोटीच्या वेळी पाण्याखालून चर्चच्या घंटा ऐकू येतात. यात खरे किती? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : शहर होते हे खरे आणि ते समुद्राने नेले हेही खरे. परंतु ते एका रात्रीत गेले नाही. त्याला सहाशेहून अधिक वर्षे लागली आणि समुद्राने घरे गिळण्याच्या आधीच त्या शहराचा जीव गेला होता. ‘एका रात्रीत बुडाले’ ही कथा ऐकायला चांगली वाटते, पण ती तशीच मान्य केली तर डनिचच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या दिलेली झुंज आपल्या नजरेतून सुटते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

इंग्लंडच्या राजाने १०८६ मध्ये देशभरातील जमीन-महसुलाची जी मोठी मोजदाद करून घेतली, तिच्यात डनिचची नोंद आहे. तीन चर्चे, भरपूर वस्ती आणि करापोटी साठ हजारांवर हेरिंग मासळी, असे हे भरभराटीचे बंदर होते. त्याच नोंदीत असेही लिहिले आहे की येथे पूर्वी दोन नांगरांची जमीन होती, आता एकाचीच उरली आहे, दुसरी समुद्राने नेली. म्हणजे शहर ऐन भरात असतानाच त्याच्या पायाखालची जमीन जात होती आणि हे तेथील लोकांना ठाऊक होते.

जमीन जाण्याचे कारण साधे आहे. डनिचचा कडा खडकाचा नाही, तो वाळूचा आणि बारीक खडीचा आहे. मी तेथे गेलो होतो तेव्हा किनाऱ्यावर उभा राहून कड्याला नुसते बोट लावले, तर मूठभर वाळू घरंगळून पायांवर आली. वरच्या अंगाला वाळूभिंगऱ्यांनी पोखरलेली बिळे रांगेने दिसत होती. चिमणीएवढा पक्षी जिथे चोचीने आणि नखांनी घर कोरतो, तिथे उत्तर समुद्राच्या उधाणाला किती वेळ लागणार? भरतीची लाट कड्याचा पायथा खाते आणि मग वरची दरड आपल्याच वजनाने खाली येते.

पण दरड कोसळल्याने शेते जातात, घरे जातात, बंदर जात नाही. डनिचचे बंदर गेले ते वेगळ्या कारणाने. ब्लाइथ नदी शहराजवळ समुद्राला मिळत असे आणि तिच्या मुखापुढे वाळू-गोट्यांचा एक लांब दांडा आडवा पसरलेला होता. या दांड्याच्या आडोशामुळेच गलबतांना निर्धास्त नांगर टाकता येई. तोच दांडा पुढे वैरी झाला. १२८६ च्या वादळाने मोठी पडझड झाली, १३२८ च्या वादळात गोट्यांनी बंदराचे तोंड बुजले आणि नदीने उत्तरेला वॉल्बर्स्विकच्या बाजूने नवी वाट काढली. आता गलबते शेजारच्या गावांच्या दारावरून जाऊ लागली आणि त्या गावांना डनिचच्या बंदराचा कर भरण्याचे कारण उरले नाही. त्यावरून शेजाऱ्यांमध्ये दीर्घकाळ कज्जे चालले. १३४७ मध्ये आणखी एक वादळ आले आणि सुमारे ४०० घरे गेली असे सांगतात. ती पुन्हा बांधायला लागणारा पैसा मात्र व्यापाराबरोबरच निघून गेला होता. माझ्या मते डनिचच्या अंताचे खरे वर्ष १३२८ हेच मानले पाहिजे. त्यानंतर समुद्र जे नेत गेला, ते ओस पडत चाललेल्या गावाचे अवशेष होते.

हा प्रवास फार संथ होता. राल्फ अ‍ॅगस याने १५८७ मध्ये शहराचा नकाशा काढला, तेव्हा बराच भाग गेलेला असला तरी रस्ते, बाजारपेठ आणि चर्चे शिल्लक होती. १६७७ च्या सुमारास पाणी बाजाराच्या चौकापर्यंत आले. जुन्या चर्चांपैकी शेवटचे ऑल सेंट्स लोकांनी अठराव्या शतकातच सोडून दिले होते. ते कड्याच्या कडेवर उभे होते आणि १९०४ पासून त्याचे एकेक खण कोसळू लागले; शेवटी मनोरा गेला तो १९१९ मध्ये. पहिले महायुद्ध पाहिलेल्या माणसांनी हा मनोरा पडलेला पाहिला, इतकी ही गोष्ट अलीकडची आहे. चर्चपाठोपाठ त्याच्या आवारातील दफनभूमी गेली आणि कित्येक वर्षे कड्यातून माणसांची हाडे डोकावत असत.

आता घंटांविषयी. कडा जवळ आला की लोक चर्चमधून शिसे, लाकूड आणि किमती वस्तू आधीच काढून घेत. घंटेसारखी मोलाची वस्तू लाटांच्या हवाली करण्याइतके डनिचकर बेफिकीर नव्हते. साउदम्प्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी २००८ पासून ध्वनिलहरींच्या साहाय्याने समुद्रतळाचे आरेखन केले. तेथील पाणी इतके गढूळ असते की पाणबुड्याला हातभर अंतरावरचेही दिसत नाही, म्हणून प्रकाशाऐवजी आवाजाने पाहावे लागले. चर्चांचे भग्नावशेष, दगडांचे ढीग आणि नकाशाशी जुळणाऱ्या जागा सापडल्या. बुडालेल्या शहराचा विस्तार सुमारे १.८ चौरस किलोमीटर निघाला. कोसळलेली इमारत आडव्या ढिगाऱ्यासारखी पडून असते, उभा मनोरा राहतच नाही. घंटा टांगायला जागाच नाही. तरीही ही आख्यायिका टाकाऊ आहे असे मी म्हणणार नाही. आपले गाव गमावलेल्या लोकांनी ती जपली, एवढे तिचे मोल निश्चित आहे.

प्रश्न : डनिचमध्ये मूठभर माणसे उरली असतानाही तेथून ब्रिटिश संसदेत दोन प्रतिनिधी जात होते असे वाचले. हे कसे शक्य होते? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : त्या काळी जागा लोकसंख्येवर ठरत नसे, सनदेवर ठरे. एखाद्या नगराला एकदा हक्क मिळाला की वस्ती वाढो वा घटो, तो कायम राही. डनिचला हा हक्क तेराव्या शतकाच्या अखेरीस मिळाला आणि बंदर बुजले, बाजार बुडाला तरी तो बुडाला नाही. मत देण्याचा अधिकार नगराच्या मान्यताप्राप्त नागरिकांना होता आणि १८३१ पर्यंत असे मतदार जेमतेम ३२ उरले होते. इतक्या थोड्या लोकांना पैशाने वा उपकारांनी आपलेसे करणे जमीनदारांना सहज शक्य होते, त्यामुळे जागा व्यवहारात त्यांच्या मालकीची झाली. त्याच वेळी कापूसगिरण्यांनी गजबजलेल्या मँचेस्टरला स्वतःचा एकही प्रतिनिधी नव्हता. १८३२ च्या सुधारणा कायद्याने डनिचचा हक्क काढून घेतला आणि तो उशिरा का होईना, न्याय झाला असेच मी मानतो.

जाता जाता सांगण्यासारखी गोष्ट अशी की अठराव्या शतकात सर जॉर्ज डाउनिंग हे डनिचचे प्रतिनिधी होते. लंडनच्या ज्या डाउनिंग स्ट्रीटवर पंतप्रधान राहतात, तो त्यांच्या आजोबांनी वसवला आणि केंब्रिजचे डाउनिंग कॉलेज यांच्याच संपत्तीतून उभे राहिले.

रत्नागिरीच्या वाचकांनी आपल्या मुलीने पुन्हा गेल्यास काय पाहावे हेही पत्रात विचारले आहे. आज गावात दोनशेही माणसे नाहीत. एक रस्ता, एक खानावळ, किनाऱ्यावर होड्या आणि गोट्यांचा लांबलचक पट्टा. आधी छोट्या संग्रहालयात जावे, कारण तेथील जुन्या शहराची प्रतिकृती पाहिल्याशिवाय बाहेरच्या रिकाम्या समुद्राचा अर्थ कळत नाही. मग फ्रान्सिस्कन संन्याशांच्या ग्रेफ्रायर्स मठाची वेस आणि भिंती पाहाव्यात. १२८६ च्या वादळानंतर या संन्याशांनी समुद्राजवळची पहिली जागा सोडून मठ आत, उंचावर हलवला, म्हणून तो आजवर उभा आहे. शेवटी १८३२ मध्ये बांधलेल्या सेंट जेम्स चर्चच्या आवारात जावे. तेथे कुष्ठरुग्णांसाठीच्या जुन्या प्रार्थनामंदिराचे अवशेष आहेत आणि ऑल सेंट्सची एक आधारभिंत कड्यावरून वेळीच सोडवून आणून पुन्हा उभी केलेली आहे. तिच्यावर हात ठेवता येतो. कड्याच्या कडेवर किंवा पायथ्याशी मात्र थांबू नये, विशेषतः पावसानंतर.