पेढे कशाचे वाटलेत?

ताई,
मी ४१ वर्षांचा, नाशिकला असतो. शाळेपासून ब्लिंक-१८२ हा अमेरिकन पंक बँड माझा जीव की प्राण. २०१५ साली टॉम डिलाँग बाहेर पडला आणि त्याच्या जागी मॅट स्किबाला घेतलं, तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं झालं. सात वर्षं मी त्यांचं नवीन काहीच ऐकलं नाही. २०२२ मध्ये टॉम परतला, त्या दिवशी मी पेढे आणले. (मुलीला स्किबावालीच गाणी आवडायची, ती जरा रुसली. मी गमतीत म्हटलं, गेला तुझा डुप्लिकेट.) पण ताई, बँड पुन्हा पूर्ण झाला तरी तो आनंद काही येत नाही. जुनं लावलं तरी दहा मिनिटांत बंद करतो. बायको हसते. माझं काय बिघडलंय?
– एक जुना चाहता

अहो जुने चाहते,

तुमचं मूळ पत्र बरंच लांब होतं, इथे कापून छापलंय. त्यात टॉमचा आवाज आहे, टॉमची गिटार आहे, टॉमचं उडत्या तबकड्यांचं वेडही आहे. मुलगी तेवढी कंसात आहे. तिचं वय लिहायचंही तुम्हाला सुचलं नाही. माझं उत्तर त्या कंसाला आहे, बाकीच्या पत्राला नाही.

तुम्ही विचारताय, आवडत्या बँडमधला माणूस बदलला की जे होतं त्याचं काय करायचं. हे पत्र तुमच्या मुलीने लिहायला हवं होतं. ऑक्टोबर २०२२ मध्ये तुमचा माणूस परत आला. गेला तो तिचा. ज्या बातमीवर तुम्ही पेढे आणलेत, त्याच बातमीने तिचा बँड मोडला. २०१५ मध्ये तुमचं जे झालं होतं तेच, त्याच घरात, तिचं होत होतं. सगळ्या नाशकात तिचं दुखणं न सांगता कळेल असा एकच माणूस होता. तो पेढ्यांचा पुडा सोडत होता!

आणि डुप्लिकेट कोणाला म्हणता? स्किबा काही रस्त्यावरून उचलून आणलेला पोरगा नव्हता. शिकागोकडचा अल्कलाइन ट्रिओ हा त्याचा स्वतःचा बँड १९९६ पासूनचा. ब्लिंकमध्ये आल्यावर त्याने ‘कॅलिफोर्निया’ (२०१६) आणि ‘नाइन’ (२०१९) असे दोन अल्बम केले. त्यातला पहिला अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत पहिल्या क्रमांकावर गेला आणि त्याला ग्रॅमीचं नामांकन मिळालं. हे तुम्हाला ठाऊक असेलही, पण ऐकलेलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. न ऐकता सात वर्षं नावं ठेवायची म्हणजे कमालच आहे.

बरं, ‘पूर्ण बँड’ म्हणजे तरी कुठला? ट्रॅव्हिस बार्करशिवाय ब्लिंकची कल्पनाही करवत नाही, असं तुमच्या पत्रात दोनदा आहे. हा ट्रॅव्हिस १९९८ मध्ये आला, अॅक्वाबॅट्स नावाच्या दुसऱ्या बँडमधून, ऐन दौऱ्यात. त्याच्याआधी ड्रमवर स्कॉट रेनॉर होता. ‘चेशायर कॅट’ आणि ‘ड्यूड रँच’ हे दोन अल्बम त्याच्या हातचे. तुमचं लाडकं ‘डॅमिट’ ज्यावर ठेका धरतं तो ड्रम रेनॉरचा, ट्रॅव्हिसचा नव्हे. तुम्ही १९९९ च्या ‘एनिमा ऑफ द स्टेट’पासून ऐकायला लागलात, म्हणजे तुमचं ब्लिंकही बदली माणूस आल्यानंतरचंच. रेनॉरवर जीव असलेलं कुणी तेव्हा तुम्हाला म्हणालं असतं की पोरा, हे खरं ब्लिंक नाही, तर तुम्ही त्याला काय ऐकवलं असतं?

आमच्याकडे नाटकात याला सरळ रिप्लेसमेंट म्हणतात आणि लोक तिकीट काढून जातात. लागूंचा नटसम्राट पाहिलेले आणि दत्ता भटांचा पाहिलेले आमच्या घरात जेवणं होईपर्यंत भांडायचे. पण दुसऱ्याचा नट खोटा, असं कुणी म्हणाल्याचं मी ऐकलेलं नाही. भांडायला समोर कुणीतरी असायचं, ते महत्त्वाचं.

तुमच्या समोर कोण आहे? बायको हसते, म्हणजे तिला यातलं सोयरसुतक नाही; ते ठीक आहे, तिचा काही दोष नाही. शाळेतले मित्र आता आपापल्या कर्जांत आणि बदल्यांत. बँडचा दुसरा गायक मार्क हॉपस, त्याच्या आवाजाशेजारी टॉमचा आवाज कसा लागतो आणि स्किबाचा कसा, हा फरक कळणारं तुमच्या घरात एकच माणूस आहे, आणि त्याचं तोंड तुम्ही एका विनोदात बंद केलंत. पेढे खाल्ले, पण टाळी द्यायला कुणी नव्हतं. आनंद येणार कुठून? तुमचं बाकी काही बिघडलेलं नाही.

स्किबाचं शेवटी काय झालं तेही ऐका. २०२२ च्या उन्हाळ्यात चाहते त्याला विचारत होते, तू अजून बँडमध्ये आहेस का? तो म्हणाला, तुमच्याइतकंच मलाही माहीत. तरी तिथे घालवलेल्या दिवसांचा अभिमान वाटतो, हेही त्याने सांगितलं. टॉमने परत आल्यावर त्याचे जाहीर आभार मानले, माझ्यामागे बँड चालता ठेवलास म्हणून. टॉमला त्याच्याबद्दल चार बरे शब्द सुचले, आणि टॉमसाठी सात वर्षं रुसून बसलेल्या तुम्हाला ‘डुप्लिकेट’ सुचला. तिकडे मार्कला २०२१ मध्ये कॅन्सर निघाला, तेव्हा मार्क, टॉम आणि ट्रॅव्हिस हे तिघे जुने वाद विसरून भेटले, आणि त्यातून बँड पुन्हा उभा राहिला. तुमच्या घरात एवढं मोठं कारण लागू नये.

तेव्हा येत्या रविवारी एकच करा. मुलीला गाडीत पुढच्या सीटवर बसवा, गंगापूर धरणाकडे काढा गाडी, आणि तिला म्हणा, ‘कॅलिफोर्निया’ लाव, मी ऐकलेला नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत. ती लगेच हो म्हणणार नाही. बाबांनी पुन्हा काहीतरी थट्टा काढली असं वाटेल तिला, आणि तसं वाटायला तिला कारण आहे. तरी विचारा. नाही म्हणाली तर पुढच्या रविवारी विचारा. माफीचं भाषण नको, मुलांना ते फार अवघड जातं. अल्बम आवडला नाही तर तसं सांगा, खुशाल वाद घाला. ती तुमच्यापेक्षा जास्त वेळा ऐकून बसलीय, उत्तर देईल. फक्त मधेच ‘हे टॉमने कसं गायलं असतं’ असं काढू नका. काढलंत तर ती हेडफोन लावेल, आणि मी तिच्या बाजूने आहे.

– ताई