मॅक्सवेलचा राक्षस उष्मागतिकीचा दुसरा नियम मोडतो का? मोडत असेल तर तसं यंत्र कुणी का बनवत नाही?

मोडत नाही. (दुसरा नियम थोडक्यात: बाहेरून काम न करता गरम-गार आपोआप वेगळं होत नाही. राक्षस म्हणजे तेच करून दाखवणारा काल्पनिक पहारेकरी, तो खाली येतोच.) पण याच प्रश्नावरून आमच्या घरात ऐन दिवाळीत भांडण झालंय, त्यामुळे थोडं पाल्हाळ लागेल.

कुपवाड एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. उन्हाळ्यात सीएनसीचं (संगणकाच्या हुकमावर धातू कापणारं मशीन) पॅनेल तापून ड्राइव्ह, म्हणजे मोटर चालवणारा भाग, बंद पडायचा, म्हणून व्होर्टेक्स ट्यूब बसवली. वीतभर नळी, आत हलणारा एकही पार्ट नाही. कॉम्प्रेसरची हवा बाजूने घुसून गरगरते, एका तोंडातून गारेगार वारा आणि दुसऱ्या टोकाला हात लावला तर चटका. रांक नावाच्या फ्रेंच माणसाने 1930 च्या दशकात शोधलेली चीज.

आमचे दाजी ती बघून हरखलेच. "हाच तो मॅक्सवेलचा राक्षस! गरम रेणू इकडं, गार तिकडं, आणि खर्च शून्य. यावर इंजिन चालवू." बोलून थांबले असते तर ठीक. आबांच्या उसाच्या बिलावर डोळा ठेवून घरी बसले. आबा तयारही झाले होते. मी आडवा आलो, तेव्हापासून मी 'खोडा घालणारा'.

अहो, खर्च शून्य कसा? पलीकडे कॉम्प्रेसर धडधडतोय तो कशावर? सात बारची हवा नळीतून मोकळी होताना एन्ट्रॉपी (विस्कटलेपणाचं माप, दुसऱ्या नियमाने ते एकूण घटत नाही) जेवढी वाढते, त्यापुढे गरम-गार वेगळं केल्याने झालेली घट किरकोळ असते. नियम जागच्या जागी.

खरा राक्षस भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने 1867 मध्ये टेट या मित्राला लिहिलेल्या पत्रात आहे. डब्यात पडदा, पडद्याला दार, दारावर असा पहारेकरी की वेगवान रेणू एका बाजूला सोडतो, सावकाश दुसऱ्या. काम न करता तापमानात फरक! सिलार्ड या भौतिकशास्त्रज्ञाने 1929 मध्ये बोट ठेवलं ते पहारेकऱ्याला लागणाऱ्या माहितीवर. 1961 मध्ये लँडॉवरने दाखवलं की माहिती पुसायला ऊर्जा जाते, आणि बेनेटने 1982 मध्ये ते राक्षसाला लावलं. राक्षसाची वही, म्हणजे रेणूंची नोंद ठेवायची स्मृती, कधीतरी भरणार, ती कोरी करताना उष्णता बाहेर पडणार, कमावलेलं तिथंच फिटणार. माहितीच्या एका बिटला (एक हो-नाही) किमान साधारण 3×10⁻²¹ ज्यूल, नेहमीच्या तापमानाला. 2012 मध्ये हे प्रयोगात मोजलंही गेलंय.

त्यामुळे राक्षसाचं नाव घेऊन कुणी पैसे मागत असेल तर आधी प्लग कुठं लावलाय ते बघा. डिग्री नंतर विचारा. दाजींकडे डिग्री आहे.

हो, एक राहिलं. हा नियम सरासरीचा आहे. काही मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मण्यावर, क्षणभरासाठी, उलटं घडताना प्रयोगशाळेत दिसलंय. दाजी नेमकं तेवढंच वाक्य उचलतील, म्हणून इथंच सांगतो: दाजी, कॉम्प्रेसर बंद ठेवून ती ट्यूब चालवून दाखवा, आबांचं बिल राहू दे, माझे पैसे घ्या.