भयपट आणि भुतांच्या मालिका पाहताना खरी भीती कशामुळे वाटते?

आपण विचारले आहे की ‘तुंबाड’, ‘मुंज्या’ आणि ‘रात्रीस खेळ चाले’ यांचे चाहते एवढे भरभरून बोलतात, पण त्यात खरोखर भीतिदायक काय आहे, आणि भुताची गोष्ट चित्रपटात अधिक रंगते की मालिकेत? मी या प्रकाराचा जुना आणि काहीसा हट्टी प्रेक्षक आहे, त्यामुळे हे उत्तर निःपक्षपाती असल्याचा दावा करत नाही. माझे मत असे आहे की ज्या भुताला काही नियम लागू असतात, आणि ज्याच्यासमोर तो नियम मोडण्याचा मोह झालेला माणूस उभा असतो, तेच भूत आपल्याला घाबरवते. नियम नसलेले भूत पडद्यावर कितीही किंचाळले तरी ते आपल्याला दचकवते, आणि दचकणे म्हणजे भिणे नव्हे.

‘तुंबाड’पासून सुरुवात करतो, कारण चाहत्यांमध्ये सर्वाधिक वाद त्याच्यावरूनच होतात. राही अनिल बर्वे यांनी दिग्दर्शित केलेला हा चित्रपट ऑक्टोबर २०१८मध्ये आला तेव्हा त्याला बेताचाच प्रेक्षक मिळाला. पुढे घरी बसून पाहणाऱ्यांनी त्याला डोक्यावर घेतले आणि सप्टेंबर २०२४मध्ये तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला, तेव्हा त्याने पहिल्या वेळेपेक्षा अधिक कमाई केली. एवढे होऊनही ‘हा भयपट नव्हेच, ही लोभाची बोधकथा आहे’ असे म्हणणारा एक मोठा वर्ग आहे. मला हा आक्षेप मुळातच चुकीचा वाटतो, कारण या चित्रपटातील भीती लोभापासून वेगळी काढताच येत नाही.

हस्तरची कथा आठवून पाहा. समृद्धीच्या देवीचा हा पहिला पुत्र. त्याला सोने आणि धान्य दोन्ही हवे होते. सोने मिळाले, पण धान्याला हात घालण्याआधीच इतर देवांनी त्याला गाठले. देवीने त्याला आपल्या गर्भात दडवून वाचवले, मात्र त्याची पूजा कधीही होणार नाही, या अटीवर. म्हणून तो कायमचा भुकेला आहे. पिठाची बाहुली पुढे टाकली की तो तिच्यावर झडप घालतो, आणि तो खाण्यात गुंतलेला असेल तेवढ्या अवधीत त्याच्या लंगोटीतून सोन्याच्या मुद्रा ओढून घ्यायच्या. पिठाच्या रिंगणात उभे राहिलात तर तो तुमच्यापर्यंत येऊ शकत नाही. त्याच्या तावडीत सापडलात तर मात्र मरणसुद्धा सुटका करत नाही. हे सगळे आपल्याला नीट समजावून सांगितले जाते, आणि म्हणूनच सोहम शाह यांचा विनायक दोरीला धरून त्या लालसर, ओलसर गर्भगृहात उतरतो तेव्हा आपण श्वास रोखतो. तिथे काय घडू शकते हे ठाऊक नसते म्हणून नव्हे, तर ते पुरते ठाऊक असते म्हणून. पुढे तो आपल्या मुलाला, पांडुरंगला, हीच विद्या शिकवू लागतो आणि मुलाचा हिशेब बापाच्याही पुढे जातो, तेव्हा तर हस्तर पडद्यावर नसतानाही अंगावर काटा येतो.

चित्रपटाचा पूर्वार्ध नारायण धारप यांच्या ‘आजी’ या कथेवरून सुचलेला आहे, तर नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीची आठवण करून देते. दोन्ही धागे आपल्याच कपाटातले असल्यामुळे मराठी प्रेक्षकाला हा हिंदी चित्रपट परका वाटत नाही. विनायकच्या बालपणी त्याच्या घरात साखळदंडाने जखडलेली, खाऊ घातल्याशिवाय गप्प न बसणारी म्हातारी आणि ‘झोप, नाहीतर हस्तर येईल’ एवढ्या शब्दांनी तिचे निमूट झोपी जाणे, हा मला आपल्याकडच्या भयपटांतील सर्वांत परिणामकारक प्रसंग वाटतो. (ती म्हातारी आणि पांडुरंग या दोन्ही भूमिका मोहम्मद समद या एकाच बालकलाकाराने केल्या आहेत, हे अनेकांच्या लक्षातही येत नाही.) पंकज कुमार यांचे छायाचित्रण, कला दिग्दर्शन आणि ध्वनी आरेखन या तिन्हींना फिल्मफेअर पुरस्कार मिळाले, आणि ते रास्तच होते, सतत कोसळणारा पाऊस या गोष्टीत नुसता देखावा म्हणून राहत नाही, तो त्या घराचा श्वास वाटू लागतो.

नियमांची ही कल्पना लेखकांनी बाहेरून आणलेली नाही. दक्षिण कोकणात आणि गोव्यात अलौकिक शक्तींशी माणसाचे नाते फार पूर्वीपासून देण्याघेण्याचे आहे. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या वहाणा आणि केळ्यांचे घड वाहतात; तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि त्या वहाणा झिजतात, अशी श्रद्धा आहे. देवचार (गावाची राखण करणारे भूत) असो की राखणदार, त्याचा मान त्याला दिला, गाऱ्हाणे घातले, की तो वाटेला जात नाही. भीती सुरू होते ती हा मान चुकल्यावर, जमिनीच्या वाटणीत कोणी कोणाला फसवल्यावर, किंवा पूर्वजाने कबूल केलेले नातवाने नाकारल्यावर. ज्या कथाकाराला हे उमगते, त्याला भुताला फारसे नटवावे लागत नाही.

‘मुंज्या’बद्दल माझे मत चाहत्यांपेक्षा थोडे थंड आहे. मुंज झालेला, पण सोडमुंज (मुंजीचे व्रत संपवण्याचा विधी) होण्याआधीच मेलेला मुलगा पिंपळावर राहतो, ही समजूत आपल्याकडे घरोघरी ऐकलेली असते. आदित्य सरपोतदार यांनी जून २०२४मध्ये आलेल्या या चित्रपटाची सुरुवात १९५२च्या कोकणात केली आहे आणि तो आरंभीचा भाग मला फार आवडतो. हट्टी मुलगा, अपुरी इच्छा, स्वतःच्या बहिणीचा बळी देण्याची तयारी आणि ते झाड, यात भयकथेला लागणारे सर्व काही आहे. मुंज्या त्या झाडाशी बांधलेला आहे आणि पुढे रक्ताच्या नात्यानेच माणसाला चिकटतो, म्हणजे नियमही आहेत. मात्र कथा पुण्यात आली की संगणकावर घडवलेला तो प्राणी इतक्या वेळा आणि इतक्या उजेडात दिसतो की त्याचे भय संपून कौतुक सुरू होते. तिकीटबारीवर १०० कोटींचा टप्पा ओलांडणाऱ्या चित्रपटाला ही तक्रार टोचणार नाही, आणि तो विनोदी भयपट म्हणूनच बनवला आहे हेही खरे. पण आपण भीतीबद्दल विचारले आहे, तेव्हा त्याला पहिल्या काही मिनिटांचेच गुण देता येतात.

त्या तुलनेत ‘लपाछपी’ची चर्चा फार कमी होते याचे मला वाईट वाटते. विशाल फुरिया यांचा हा मराठी चित्रपट २०१७मध्ये चित्रपटगृहांत आला. सावकारांचा तगादा चुकवण्यासाठी एक जोडपे उसाच्या मळ्याच्या मधोमध असलेल्या घरात आसरा घेते. पत्नी, म्हणजे पूजा सावंत, गरोदर आहे आणि घरातील तुळसाबाई, म्हणजे उषा नाईक, तिची काळजी घेत आहेत. काळजी आणि पाळत यांतील सीमारेषा उषा नाईक यांनी ज्या संयमाने पुसून टाकली आहे, तसा अभिनय या प्रकारात क्वचितच पाहायला मिळतो. भर दिवसा, लख्ख उन्हात, चहूबाजूंनी सारख्याच दिसणाऱ्या उसात वाट न सापडणे ही भीती ज्यांनी ऊस जवळून पाहिला आहे त्यांना अधिक कळेल. मुळाशी असलेला मुलींच्या जिवावर उठण्याचा विषय शेवटी जरा भाषणाच्या अंगाने येतो, हा दोष मान्य. फुरिया यांनीच २०२१मध्ये ‘छोरी’ या नावाने हिंदीत त्याची पुनर्निर्मिती केली. ती अधिक चकचकीत आहे, पण माझी पसंती मूळ मराठीलाच आहे.

आता मालिकांकडे वळतो. नव्वदच्या दशकात वाढलेल्या प्रेक्षकांना १९९३चा ‘झी हॉरर शो’ आणि १९९५पासूनची ‘आहट’ यांच्याबद्दल जिव्हाळा वाटतो. तो मलाही वाटतो, पण आज ते भाग पुन्हा पाहिले तर शीर्षकसंगीताइतके भीतिदायक पुढे फारसे काही सापडत नाही. ‘नागिन’सारख्या मालिकांना मी या चर्चेत धरतच नाही, तिथे इच्छाधारी नागीण ही सासू-सुनांच्या राजकारणातील आणखी एक बाजू असते. ‘ससुराल सिमर का’मध्ये तर सुनेची चक्क माशी झाली होती, तेव्हा त्या दालनात न शिरलेलेच बरे.

‘रात्रीस खेळ चाले’ मात्र गंभीरपणे घ्यायला हवी. झी मराठीवर २०१६मध्ये सुरू झालेल्या पहिल्या पर्वात कुटुंबप्रमुख अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर सिंधुदुर्गातील त्यांच्या घरी सगळे कुटुंब जमते आणि एकेक विपरीत घटना घडू लागतात. मालवणी बोली, अंगण, विहीर, अर्धवट ऐकू येणारी कुजबुज आणि घरच्या नोकराचे, पांडूचे, ‘इसारलंय’ (विसरलो) यांनी सुरुवातीचे भाग विलक्षण भारलेले होते. पण रोजची मालिका म्हटली की रोज रात्री कोणीतरी खिडकीकडे पाहून दचकलेच पाहिजे, आणि दुसऱ्या दिवशी ती मांजर किंवा वाऱ्याने हललेला पडदा निघालाच पाहिजे. असे अनेक महिने चालल्यावर प्रेक्षक नियम शोधणे सोडून देतो आणि मग शेवट कोणताही केला तरी तो पोकळ वाटतो. त्या पर्वाच्या शेवटावर चाहते नाराज झाले त्याचे कारण मला हेच दिसते.

२०१९चे दुसरे पर्व मला पहिल्याहून सरस वाटते, आणि यावरून माझे काही मित्रांशी कडाक्याचे वाद झाले आहेत. त्यांच्या मते त्यात भूतच नाही, नुसते अण्णा आणि त्यांची प्रेयसी शेवंता यांचे प्रकरण आहे. मला वाटते, त्यातच त्याचे बळ आहे. ही कथा काळात मागे जाऊन अण्णा जिवंत असतानाची हकिगत सांगते. माधव अभ्यंकर यांनी उभा केलेला तो करारी, विषयासक्त, जमिनीच्या तुकड्यासाठी माणूस संपवणारा गृहस्थ ओसरीवर आला की त्याची पत्नी माई आणि मुले ज्या तऱ्हेने गप्प होतात, ती भीती कोणत्याही पांढऱ्या साडीतील बाईने निर्माण केलेली नाही. शिवाय या घरात पुढे जे पछाडलेपण येणार आहे, त्याचे एकेक कारण आपल्या डोळ्यांदेखत जमा होत असते. पहिल्या पर्वात हरवलेले नियम दुसऱ्या पर्वाने मागे जाऊन लिहिले, असे म्हणता येईल. २०२१च्या तिसऱ्या पर्वात अण्णा आणि शेवंता भुते होऊन परत आले आणि गंमत अशी की मेलेले अण्णा जिवंत अण्णांपेक्षा निम्मेही भीतिदायक वाटले नाहीत. ती व्यक्तिरेखा तोवर इतकी लोकप्रिय झाली होती की प्रेक्षक त्यांच्या येण्याची वाटच पाहत असत, आणि ज्याची वाट पाहिली जाते त्याला भिणार कोण?

तेव्हा चित्रपट की मालिका, या आपल्या दुसऱ्या प्रश्नाचे माझे उत्तर लांबीवर अवलंबून आहे. शेकडो भागांची दैनंदिन मालिका भुताला पेलत नाही. ती फार तर भुताला जन्म देणाऱ्या माणसांना पेलते. मोजक्या भागांची मालिका मात्र चित्रपटाच्या बरोबरीने उभी राहू शकते. नेटफ्लिक्सवर २०१८मध्ये आलेली पॅट्रिक ग्रॅहम यांची ‘घूल’ अवघ्या तीन भागांची आहे. राधिका आपटे यांची अधिकारी एका गुप्त चौकशी केंद्रात रुजू होते आणि तिथे आणलेला कैदी नेमका कोण आहे हा पेच पडतो. घूल, म्हणजे अरबी लोककथांतील पिशाच्च, ज्याचे मांस खातो त्याचे रूप धारण करतो, एवढा एकच नियम आहे, आणि तो कळल्यानंतर खोलीतील प्रत्येक सहकाऱ्याकडे आपण संशयाने पाहू लागतो.

आपण या प्रकारात नवखे असाल तर ‘लपाछपी’ आधी पाहावा, ‘छोरी’ नंतर पाहिला नाही तरी चालेल; ‘तुंबाड’ शक्य तितक्या मोठ्या पडद्यावर आणि चांगल्या आवाजात पाहावा; आणि ‘रात्रीस खेळ चाले’ पाहायची ठरवलीत तर थेट दुसऱ्या पर्वापासून सुरुवात केली तरी काही बिघडत नाही.