थँक्सगिव्हिंगसाठी एअर फ्रायरमधला बटरनट: मानेचे तुकडे करा, पोटाचं भरीत

प्रश्न थोडक्यात असा दिसतोय: अमेरिकेत शेजाऱ्यांकडे थँक्सगिव्हिंगचं, म्हणजे तिथल्या नोव्हेंबरातल्या सणाचं जेवण आहे, साईड डिश तुमच्याकडे आली आहे. एअर फ्रायरमध्ये बटरनट स्क्वॉशचे (हा भोपळ्याचाच एक प्रकार) तुकडे भाजून बघितले तर ते वरून ओलसर, आतून गिच्च झाले. फ्राईजसारखे कुरकुरीत काही होईनात. काय चुकतंय?

पहिलं म्हणजे फ्राईजचा नाद सोडा. बटाट्यात स्टार्च भरपूर, म्हणून त्याला वरून कडक पापुद्रा धरतो. बटरनटमध्ये शेकडा ८५ च्या वर पाणी, आणि उरलेल्यात साखर बरीच. तो फ्राईजसारखा कुरकुरीत होणारच नाही, कुठलंही यंत्र आणा. त्याच्याकडून मागायचं ते एवढंच: कडा खरपूस तपकिरी, आतून मऊसूत, आणि तुकडा उचलला तर आकार धरून राहिलेला. हे मात्र एअर फ्रायरमध्ये ओव्हनपेक्षा लवकर होतं. शिवाय त्या दिवशी सगळ्यांचे ओव्हन टर्की हा पक्षी भाजण्यात अडकलेले असतात, त्यामुळे तुमचा बेत चांगलाच आहे.

आता गिच्च का होतो ते. एअर फ्रायर हा जोरदार पंखा बसवलेला छोटा ओव्हन आहे, तळणीशी त्याचा काही संबंध नाही. तुकड्याच्या वरच्या थरातलं पाणी उडून जाईपर्यंत तिथलं तापमान १०० अंशांच्या पुढे सरकत नाही, आणि तपकिरी रंग यायला त्याच्या बरंच वर जावं लागतं. जाळीत तुकडे एकावर एक रचले की खालच्यांची वाफ वरच्यांना लागते, पंख्याला वाट मिळत नाही, आणि तुम्ही भाजण्याऐवजी उकडत बसता. मला वाटतं तुमचं दुखणं हेच असावं. ४-५ लिटरच्या बास्केटमध्ये एका वेळी अर्धा किलोच्या आसपासच तुकडे मोकळे बसतात. जास्त माणसं असतील तर दोन घाण्यांत करा आणि शेवटी सगळं एकत्र करून दोन मिनिटं गरम करा. गरम करताना गर्दी चालते, कारण तोवर पाणी गेलेलं असतं.

दुसरी गोष्ट पाककृतींत फारशी सांगत नाहीत, ती फळ चिरायच्या आधीची. बटरनटचे दोन भाग वेगळे समजा. वरची मान भरीव असते, तिच्यात बिया नसतात, गर घट्ट असतो. खालचं पोट पोकळ, बियांचं, गर थोडा ओलसर आणि धाग्यांचा. दोन्हींचे सारखे तुकडे करून एकत्र टाकले तर मानेचे शिजेपर्यंत पोटाचे पातळ वाकडे तुकडे मोडतात. म्हणून मी साईड डिशला फक्त मान घेतो. पोटाचं काय करायचं ते पुढे सांगतो, कारण खरं तर मला तेच जास्त आवडतं.

या मानेला इतिहास आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या स्टो गावच्या चार्ल्स लेगेट यांनी १९४०च्या दशकात हे वाण तयार केलं. त्याआधीच्या जातीला हंसासारखी लांब वाकडी मान असायची, पेटीत बसवायची पंचाईत. पुढे त्याच राज्यातल्या वॉल्थममध्ये ते सुधारून आणखी एकसारखं केलं गेलं, आणि १९७० साली ‘वॉल्थम बटरनट’ला अमेरिकेतला बियाण्यांचा मानाचा पुरस्कार मिळाला. तुमच्या दुकानातलं फळ बहुधा त्याच घराण्यातलं. आणि आपला लाल भोपळा, ज्याचे घारगे होतात तो, बहुतेक करून याच प्रजातीचा, कुकुर्बिटा मोस्काटाचा. त्यामुळे चवीला हा पाहुणा परका नाही, फक्त जास्त घट्ट आणि गोड आहे.

दुकानात फळ घेताना मान लांब आणि जाड, पोट लहान, असं बघा. साल तांबूस पिवळी, चमक नसलेली; मानेवर हिरव्या रेघा असतील तर ते कच्चं. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड लागलं पाहिजे, देठ शाबूत पाहिजे. फ्रीजमध्ये ठेवू नका, न कापलेलं फळ थंड कोरड्या जागी कित्येक आठवडे टिकतं, आणि ठेवल्यावर त्यातला स्टार्च हळूहळू साखरेत बदलतो, म्हणून गोडी वाढते. डब्यात चिरून ठेवलेले तुकडे मिळतात ते सोयीचे, पण लहानमोठे असतात आणि ओले असतात. घेतलेच तर मोठे पुन्हा कापा आणि पुसा. गोठवलेले तुकडे या पदार्थाला नकोतच, सूपला वापरा.

सोलणं हा त्रासाचा भाग. पूर्ण फळाला काट्याने चारपाच ठिकाणी भोकं पाडून दोन मिनिटं मायक्रोवेव्हमध्ये ठेवलं तर साल नरमते. भोकं विसरू नका, आत वाफ कोंडते. मग मान आणि पोट सुरीने वेगळे करा; मानेची कापलेली सपाट बाजू खाली ठेवून ती उभी सोला, घसरत नाही. सालीखाली फिकट हिरवट रेघा दिसतात त्याही काढायच्या, नारिंगी लागेपर्यंत. कच्च्या बटरनटचा चीक हातावर सुकून पापुद्र्यासारखा चढतो आणि काही जणांच्या हातांची कातडी त्याने ओढल्यासारखी होऊन सोलते. फणस चिरताना हाताला तेल लावतो तसंच इथेही लावा, किंवा हातमोजे घाला. आणि दुधी चिरताना घरी जी सवय लावलेली असते ती इथेही पाळा: एक छोटा कच्चा तुकडा जिभेला लावून बघा. कडू असेल तर सरळ फेका, शिजवून कडूपणा जात नाही आणि तो पोटाला बाधतो.

तुकडे साधारण दोन सेंटिमीटरचे, म्हणजे पाऊण इंचाचे. लहान केले तर सुकतात, मोठे केले तर आत कच्चे राहतात. सगळे एका मापाचे असणं तापमानापेक्षा महत्त्वाचं. फडक्याने कोरडे पुसा. अर्ध्या किलोला एक मोठा चमचा तेल, ते वाडग्यात तुकड्यांवर चोळायचं. बास्केटमध्ये ओतलेलं तेल खाली गळतं आणि धूर करतं. दाबून फवारायच्या डब्यातलं तेल मी टाळतो, त्यात मिसळलेलं लेसिथिन नावाचं द्रव्य जाळीच्या नॉनस्टिक थरावर चिकट डाग धरतं आणि तो थर खराब होतो. थोडासा पापुद्रा हवाच असेल तर तेल लावल्यावर एक छोटा चमचा तांदळाचं पीठ भुरभुरवा. फ्राईज होणार नाहीत, पण कडेला किंचित कडकपणा येतो. मीठ मी भाजायला टाकायच्या अगदी आधी घालतो. आधी घालून ठेवलं तर त्याचं पाणी सुटतं, आणि पुसण्याची मेहनत वाया.

एअर फ्रायर २०० अंश सेल्सिअसवर (तुमच्या यंत्रावर ४०० फॅरनहाइट असेल) तीन-चार मिनिटं रिकामा तापवा. तुकडे एका थरात पसरा. आठ मिनिटांनी बास्केट हलवा, मग आणखी सात ते दहा मिनिटं. सुरीचं टोक सहज आत गेलं आणि निम्म्या कडा तपकिरी झाल्या की बंद. यंत्रागणिक फरक पडतो, म्हणून बारा मिनिटांनंतर डोकावून बघत राहा. उघडून बघितल्याने काही बिघडत नाही.

मसाल्यांबद्दल माझी मतं जरा कडक आहेत. तिखट, लसूण, गोडा मसाला हे सगळं २०० अंशांच्या वाऱ्यात पंधरा मिनिटं टिकत नाही, जळून कडू होतं. ते शेवटच्या दोन-तीन मिनिटांत भुरभुरवा किंवा बाहेर काढल्यावर. मेपल सिरप किंवा मध घालायचा असेल तर तोही त्याच वेळी. कढीपत्ता किंवा सेज या सुवासिक पाश्चात्त्य पाल्याची पानं तर आत अजिबात टाकू नका, हलकी पानं पंख्याने उडून वरच्या तापलेल्या कॉइलला चिकटतात आणि घरभर धूर होतो. ती वेगळ्या कढल्यात तुपात किंवा लोण्यात तडतडवा आणि वरून ओता. मोहरीचंही तेच.

थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर बटरनटवर ब्राऊन शुगर आणि दालचिनी घालायची पद्धत आहे. मला ती पटत नाही. भाजल्यावर तो मुळातच गोड होतो. गोडावर गोड कशाला? त्याला आंबट हवं. मी दोन प्रकारे करतो. यजमानांच्या जिभेला ओळखीचं हवं असेल तर लोण्यात सेज, चवीपुरती मिरपूड, भाजलेले पेकन (अक्रोडासारखा सुकामेवा) आणि मूठभर सुकवलेल्या क्रॅनबेरी, शेवटी लिंबाचे चार थेंब. आपली चव न्यायची असेल तर तुपात जिरं, हिंग, एक हिरवी मिरची मोठी चिरून, तिच्यात भाजलेले तुकडे एकदा परतायचे, वर लिंबू आणि कोथिंबीर. दुसऱ्या प्रकाराची टेबलावर जास्त विचारणा होते, असा माझा अनुभव. क्रॅनबेरी सॉसशेजारी तर तो फारच शोभतो.

दाण्याचं कूट घालायचा मोह होईल. घरी खुशाल घाला, पण दुसऱ्याच्या घरी नेताना आधी विचारा. शेंगदाण्याची अॅलर्जी असलेलं कुणीतरी असू शकतं, आणि तीळही २०२३पासून तिथल्या प्रमुख अॅलर्जींच्या अधिकृत यादीत आले आहेत. पेकनचंही विचारून घ्या. काहीच चालत नसेल तर बटरनटच्याच बिया वापरा: धाग्यांतून सोडवून धुवा, पूर्ण सुकवा, थोडं तेल-मीठ लावून १६० अंशांवर (३२५ फॅरनहाइट) दहा-बारा मिनिटं, मधे एकदा हलवून. सालीसकट खायच्या, सोलायची गरज नाही.

आता ते पोट. उभं चिरून बिया काढा, साल ठेवा, आतून तेलाचं बोट फिरवा आणि चिरलेली बाजू वर करून १८० अंशांवर (३६० फॅरनहाइट) अर्धा तास ते चाळीस मिनिटं भाजा. वरच्या कॉइलपासून चार बोटं अंतर राहील एवढंच फळ घ्या, नाहीतर वरचा भाग करपतो. मऊ झालं की गर चमच्याने निघून येतो. थंड झाल्यावर कुस्करून त्यात घट्ट दही, मीठ, चिमूटभर साखर, दाण्याचं कूट, आणि वर तुपाची जिरं-मिरचीची फोडणी. उकडलेल्या भोपळ्याच्या भरताला पाणी सुटतं आणि दही पातळ होतं. इथे भाजताना पाणी गेलेलं असतं, त्यामुळे भरीत दाट राहतं आणि त्याला खरपूस वास येतो. हे घरच्यांसाठी ठेवा, भाकरीबरोबर. शेजाऱ्यांना न्यायचं असेल तर कूट वगळा आणि थंडच न्या. पिटा ब्रेड किंवा क्रॅकर्सबरोबर डिप म्हणून संपतं.

नेण्याबद्दल एवढंच. गरम तुकडे घट्ट झाकणाच्या डब्यात भरले की दहा मिनिटांत वाफेने पुन्हा तुम्ही म्हणता तसे गिच्च. ताटात पसरून गार होऊ द्या, मग डब्यात तळाला कागदी रुमाल घालून भरा, फोडणी आणि लिंबू वेगळं न्या. पोचल्यावर टर्की ओव्हनमधून निघाली की ती कापायच्या आधी वीस-तीस मिनिटं तशीच मुरत ठेवतात. ओव्हन तेव्हा रिकामा आणि तापलेला असतो. यजमानांना आधीच सांगून ठेवा, तुकडे ट्रेवर पसरून पाच-सात मिनिटं आत सरकवा, आणि फोडणी बाहेर काढल्यावर ओता.