वाचकांचे प्रश्न: ऑलिव्ह लावावं की नीरफणस?

प्रश्न: पाच एकर काळी भारी जमीन आहे. संत्र्याची जुनी बाग काढून टाकली. विहिरीला उन्हाळ्यात दोन तास पाणी असतं. एक एजंट ऑलिव्हची रोपं देतो म्हणतो. राजस्थानात होतं तर आपल्याकडे का नाही, असं त्याचं म्हणणं. दुसरे एक जण नीरफणस (ब्रेडफ्रूट) सुचवतात. काय करावं?
– शेतकरी, ता. कारंजा (घाडगे), जि. वर्धा

उत्तर: इसार दिला नसेल तर देऊ नका. ऑलिव्हचं झाड तुमच्या वावरात लगेच मरणार नाही, आणि फसगत तिथंच होते. ते 45 अंशांचा उन्हाळा सोसतं, हिरवंगार वाढतं, पण मोहोर धरत नाही. चांगला मोहोर यायला हिवाळ्यात दोन-अडीच महिने रात्री 2 ते 4 आणि दिवसा 15 ते 19 अंशांच्या आसपास तापमान लागतं. नागपूरकडे जानेवारीत रात्रीचं सरासरी तापमान 12-13 अंश, दिवसाचं 28 च्या पुढे. चार-दोन रात्री पारा 7-8 वर उतरला म्हणून भागत नाही. संत्र्याला ताण देऊन आंबिया बहार धरतो तसा इथं पाणी तोडून उपयोग नाही. आर्बेक्विना, कोरोनेकी या ऑलिव्हच्या जातींना थंडी कमी लागते, पण लागतेच.

राजस्थानचा दाखला खरा आहे. तिथं 2008 च्या सुमारास इस्रायलच्या मदतीनं सरकारी शेतांवर लागवड झाली आणि 2014 मध्ये बिकानेर जिल्ह्यात लूणकरणसरला तेल काढायचा कारखाना सुरू झाला. पण बिकानेरची जमीन वाळूची, पाऊस जेमतेम आणि हिवाळी रात्री आपल्यापेक्षा बऱ्याच थंड. तुमच्या काळ्या जमिनीत श्रावणात पाणी साचलं की ऑलिव्हची मुळं कुजतात. आधी शेंडे वाळतात, मग एकेक फांदी जाते.

तेलाचंही पाहा. 100 किलो फळांतून साधारण 15 ते 20 किलो तेल निघतं. फळ तोडल्यावर शक्यतो 24 तासांत दळावं लागतं, नाहीतर तेलाची आम्लता वाढते. आपल्या घाण्या आणि मिल वाळलेल्या बियांसाठी आहेत. ऑलिव्हमध्ये निम्म्याच्या आसपास पाणीच. त्याचा लगदा अर्धा-पाऊण तास 27 अंशांच्या आत घोळवून, फिरत्या यंत्रात तेल वेगळं करावं लागतं. एजंटाला माल कोण, कुठं आणि किती तासांत घेणार एवढंच विचारा.

नीरफणसाचं दुखणं उलटं. त्याला 21 ते 32 अंश तापमान, वर्षाला 1500 मिलिमीटरच्या वर पाऊस आणि दमट हवा हवी. एप्रिल-मे मधल्या कोरड्या झळा त्याला मानवत नाहीत. तुमच्या दोन तासांच्या पाण्यावर एकरभर नीरफणस जगणार नाही. घराजवळ, नहाणीच्या सांडपाण्यावर एखादं झाड ठेवता येईल. शेतात पीक म्हणून दोन्ही नकोत.

प्रश्न: कोकणातून नीरफणसाचं फुटव्याचं रोप आणलं आहे. कसं लावावं?
– वाचक, ता. आरमोरी, जि. गडचिरोली

उत्तर: तुमच्याकडे पाऊस बरा असल्यानं हे करून पाहण्यासारखं आहे. जागा घराच्या पूर्वेला निवडा, म्हणजे संध्याकाळकडचं उतरतं ऊन भिंत अडवेल. भिंतीपासून किमान 25 फूट लांब. झाड मोठं होतं आणि मुळं वरवर पसरतात. दोन फूट लांब-रुंद-खोल खड्डा, त्यात कुजलेलं शेणखत दोन घमेली, बाकी पोयटा. जमीन चिकण असेल तर खड्डा करूच नका. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, खड्ड्याचं टाकं होतं आणि रोप पहिल्याच पावसाळ्यात कुजतं. तिथं दीड फूट उंच आणि चार फूट रुंद ढीग करून त्यावर लावा.

पहिला दमदार पाऊस झाल्यावर लावा. मोठी पानं अर्धी कापा, नाहीतर मुळं धरायच्या आत रोप सुकतं. पहिले दोन उन्हाळे पऱ्हाट्यांचा मांडव हवाच, पश्चिमेला तट्टा. बुंध्यापासून वीतभर जागा सोडून सोयाबीनचं कुटार अर्धा फूट जाड पसरा. कुटार खोडाला टेकलं की साल कुजते आणि उधई चढते. मार्च ते जून तिसऱ्या दिवशी 20 ते 30 लिटर पाणी. थंडीत पारा 10 च्या खाली जाणार असेल तर रोपाला रात्री पोतं गुंडाळा.

बुंध्याजवळ डवरणी-खुरपणी नको. मुळाला जखम झाली की तिथून फुटवे निघतात आणि झाडाचा जोर वाटला जातो. दुसरं रोप हवं असेल तेव्हा मात्र हीच युक्ती: बोटाएवढं जाड मूळ उघडून थोडं खरवडा आणि मातीनं झाका. आपल्याकडे लावतात त्या नीरफणसाला बी नसतं. बियांचं रोप कुणी विकत असेल तर ते दुसरं काहीतरी आहे. फुटव्याच्या झाडाला कोकणात तीन ते पाच वर्षांत फळ येतं, तुमच्याकडे उशीर धरून चाला. लहान फळं गळायला लागली तर आधी पाणी तपासा, फवारणीचं नंतर पाहू.

प्रश्न: घरात मधुमेह आणि रक्तदाब दोन्ही आहेत. ऑलिव्ह चांगलं की नीरफणस?
– गृहिणी, अमरावती

उत्तर: यांची तुलना करायची तर तेलाची भाकरीशी करावी लागेल. नीरफणस म्हणजे पिष्ट: 100 ग्रॅममध्ये सुमारे 27 ग्रॅम कर्बोदकं, बटाट्यात 17. तंतू मात्र पाचेक ग्रॅम. त्यामुळे 75 ग्रॅम फोडी खाल्ल्या तर ताटातली एक पोळी कमी करा. रव्यात घोळवून तळलेले काप मधुमेह्याला नकोत. फोडी 20 मिनिटं उकडून वऱ्हाडी रश्शात टाका. चिरताना हाताला आणि सुरीला तेल लावा, चीक चिकटतो. फोडी लगेच पाण्यात सोडा, नाहीतर काळ्या पडतात. फळ सालीवरचे काटे सपाट झाले आणि चिकाचे वाळलेले ठिपके दिसले की तोडा. त्यानंतर दोन-तीन दिवसांत ते मऊ पडतं.

बाटलीतल्या ऑलिव्हमध्ये साखर नगण्य, पण मीठ फार. दहा फळांतून सव्वा-दीड ग्रॅम मीठ पोटात जातं. दिवसाची मर्यादा 5 ग्रॅम आहे. रक्तदाब असेल तर तासभर साध्या पाण्यात भिजवून दोन-तीनच घ्या. ऑलिव्ह तेलाचे गुण खरे आहेत, पण ओमेगा-3 साठी ते आणू नका. ते जवसात आहे, आणि जवसाची चटणी तुमच्या घरात असेलच.

प्रश्न: नर्सरीतून ऑलिव्ह म्हणून आणलेल्या झाडाला आंबट फळं आली. जात वेगळी आहे का?
– वाचक, जि. भंडारा

उत्तर: झाडच वेगळं आहे. बंगाल-आसामकडची जलपाई भारतीय ऑलिव्ह म्हणून विकली जाते. तिची पानं कातरलेल्या कडांची, गळताना लाल होणारी. खऱ्या ऑलिव्हची पानं अरुंद, समोरासमोर, खालून चंदेरी. आणि फळ झाडावरून तोडून खाल्लं तर कडूजहर लागतं, मिठाच्या पाण्यात काही महिने मुरवल्याशिवाय तोंडात घालवत नाही. तुमची फळं कैरीसारखं लोणचं घालून खा.